फोन ठेवायचा कसा

आमच्या घरात फोन उचलता सगळ्यांना येतो, ठेवता कुणालाच येत नाही. त्यातही गोव्यातल्या साखळी गावचा आमचा मामा म्हणजे कळस. ‘बरं, ठेवतो’ ही त्याची नांदी असते. त्यानंतर विहिरीचं पाणी, गुडघे, कुळागरातल्या सुपाऱ्या आणि इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, भाव असे चार अंक होतात. शेवटी पुन्हा ‘बरं, ठेवतो तर मग’ येतं, तेव्हा कुठे मध्यंतर झालेलं असतं.

म्हणूनच मला ‘टॉक रेडिओ’ इतका आवडला. ऑलिव्हर स्टोनचा १९८८ चा सिनेमा. डॅलसमधला बॅरी शॅम्प्लेन रोज रात्री रेडिओवर श्रोत्यांचे फोन घेतो, त्यांना डिवचतो, पाणउतारा करतो आणि बोलणारा वाक्याच्या मध्यावर असतानाच बटण दाबून त्याला उडवतो. लोक षटकार बघतात तसा मी ते बटण बघत होतो.

शेजारी आई बिकणां, म्हणजे फणसाच्या आठळ्या, सोलत बसली होती. भिजवूनही त्यांचं तपकिरी साल सुटत नव्हतं. ती नखाने खरवडत म्हणाली, “ह्यात पडदा बदलत नाही का रे? मघापासून एकच खोली.” जत्रेची नाटकं पहाटेपर्यंत बघून तयार झालेली नजर ती! मूळचं नाटकच आहे, १९८७ मध्ये न्यूयॉर्कला झालेलं, एरिक बोगोसियनने लिहिलेलं, आणि बॅरीचं काम दोन्हीकडे त्याचंच, असं मी सांगितलं.

“लेखकच नट? मग प्रॉम्प्टरचा खर्च वाचला.”

थोड्या वेळाने तिने विचारलं, “इतकं तोडून बोलतो, तरी लोक परत फोन का करतात?”

समीक्षक पानंच्या पानं लिहितात ते याच प्रश्नावर. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात फोन वाजला. मामा.

अंगात बॅरी संचारला होता. मामा विहिरीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आला आणि मी लाल बटण दाबलं. कट! काय ती शांतता! तिच्यात मी जेमतेम एक घोट चहा प्यालो.

“कटला रे. पाऊस आला की तुमच्या फोंड्यात रेंज मरते.”

पुन्हा कट. पुन्हा फोन. “थांब हां, मी परसात जातो. माडाखाली बरी येते.” मागून छत्री उघडल्याचा खटका आणि पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला. सत्तरी उलटलेला माणूस माझ्यासाठी भिजत होता! तिसऱ्यांदा बटण दाबताना बोट थरथरलं, पण दाबलं. डॅलसमध्ये फोन कापला की अपमान होतो. आमच्याकडे अपमान करायलासुद्धा रेंज लागते.

तिकडे बॅरीला धमक्या येत होत्या. सिनेमातली सगळीच गोष्ट काल्पनिक नाही, हे मी आईला सांगितलं. डेन्व्हरच्या रेडिओवर अॅलन बर्ग नावाचा असाच फटकळ निवेदक होता, आधी वकील, जातीने ज्यू. गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी पेटलेल्या एका टोळीने त्याला घरासमोरच गोळ्या घातल्या. १८ जून १९८४.

आईचा हात थांबला. “१८ जून? आपला क्रांतिदिन?”

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. पणजीतल्या १८ जून रस्त्यावर आयुष्यभर पार्किंग शोधलं, पण तारीख डोक्यात शिरली नव्हती. १९४६ मध्ये त्याच दिवशी लोहिया मडगावात भर पावसात पोर्तुगीजांची बंदी मोडून बोलायला उभे राहिले आणि त्यांना पकडून नेलं. “बोलणाऱ्याचं कुणाला सोसत नाही,” म्हणत तिने बिकणां पुन्हा हातात घेतलं.

कार्यक्रम संपवून बॅरी गाडीकडे निघाला आणि आमच्या गेटवर स्कूटरचा हॉर्न वाजला. रेनकोटातून पाणी निथळत होतं.

“फोन सारखा कटत होता. म्हटलं, काही बरंवाईट तर नाही ना?”

मी मुकाट्याने सिनेमा थांबवला.

बिकणांची भाजी झाली, जेवणं झाली, चारही अंक झाले. तिन्हीसांजेला मामाने एकदाची स्कूटर सुरू केली. “बरं, येतो.”

“ये. सावकाश जा.”

“हो. अगे, पण मुद्द्याचं राहिलंच की,” असं म्हणून त्याने इंजिन बंद केलं आणि स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली.