चोरीला जाताना घ्यायची काळजी

नाशकात घरफोडीचा धंदा सुरू करायचा म्हणता? करा की. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात, तेव्हा गावात घरोघरी गठ्ठे पडलेले असणार, हा तुमचा हिशेब रास्तच आहे. फक्त घर निवडताना बोलक्या बाहुल्यांचे प्रयोग करणाऱ्याचं निवडा. कालिदास नाट्यगृहात एवढ्या टाळ्या घेतो, म्हणजे पैसाही घेतच असेल.

जानेवारीतली रात्र धरा, पहाटेचे तीन. कटावणीने कोयंडा उचकटा आणि थेट कपाट गाठा. वर शाली असतील. त्यांच्याखाली आणखी शाली. फळीवर सरस्वती, नटराज, झाडून सगळे सोनेरी. सोन्याचं कुणीच नाही. मानधनाचं पाकीट शोधत बसू नका. ते आयोजक 'पुढच्या आठवड्यात नक्की' देणार आहेत. दिवाळीपासून.

मग पलंगाखालची पेटी ओढा. जड लागेल, जीव हरखेल. झाकण उघडून मोबाइलचा टॉर्च मारा. आत एक लाकडी पोरगं, डोळे सताड उघडे, तुमच्याकडेच बघतंय. ते म्हणेल, "दार लोटून घे रे, गारठा येतोय."

घाबरायचं काय त्यात? जरा शास्त्रीय विचार करा. आवाज कुठे फेकला-बिकला जात नाही. तो पलंगावर झोपेचं सोंग घेतलेल्या मालकाच्याच घशातून निघतो. डोळा ज्या तोंडाकडे बघतो, कान आवाज तिथलाच धरतो, एवढीच गंमत. काळोखात हा खेळ रंगला नसता. टॉर्च तुम्ही पुरवलात. प, फ, ब, भ, म ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. त्या वाक्यात यातलं एकही अक्षर नाही, हे पेटीपाशी उकिडवं बसून सावकाश तपासा.

तेवढ्यात पोरगं विचारेल, "तोलिसांना उठवू का?" 'पो' ओठ न हलवता जमत नाही, म्हणून 'तो'वर भागवतात. उच्चाराची चूक काढायला अवश्य थांबा. आतल्या खोलीत वहिनी तोवर ११२ लावताहेत. तिकिटाचा दर आधीच सांगून ठेवतो: भारतीय न्याय संहिता, कलम ३०५, राहत्या घरातली चोरी, सात वर्षांपर्यंत.

पळायचंच ठरवलंत, तर कटावणी राहू द्या. एक शाल तेवढी उचला. बाहेर खरंच गारठा आहे.