नाक खाजवले की चौथा नॉच

फोंड्याला रेल्वे नाही. देवळे आहेत, उत्सवाला नाटक आहे, बसस्टँडवर मडगाव-पणजीच्या बसगाड्यांची झुंबड आहे. पण १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली ती करमळीहून झुवारी ओलांडून वेर्ण्याला निघून गेली. जुनी लाईन घाट उतरून कुळे, सावर्डे, मडगाव करत वास्कोला जाते, तीही आम्हाला टाळूनच. तेव्हा आमच्या गावात ज्याला इंजिन चालवायची हौस, त्याने ते घरातच चालवावे.

सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर आगगाडी चालवायचा खेळ, नुसत्या कीबोर्डवर उत्तम चालतो, हे आधीच सांगून टाकतो. डी दाबला की नॉच, म्हणजे इंजिनाच्या जोराची पायरी, चढतो, ए दाबला की उतरतो, स्पेसबार म्हणजे भोंगा. डिझेल इंजिनाला नॉच आठ, आपल्याला बोटे दहा. काही अडत नाही. पण हौसेला दांडा लागतो. रेलड्रायव्हर नावाचा, दांडे-बटणे असलेला खास रेल्वेचा डेस्क मिळतो, पण तो अमेरिकेहून मागवायचा म्हणजे खर्चाचा आकडा घरात मोठ्याने वाचता येत नाही. उरली जॉयस्टिक.

आता जॉयस्टिक ही जात विमानाची. हात काढला की ती आपसूक मध्यावर येते. विमानाला ते शोभते. इंजिनाचा दांडा मात्र ठेवू तिथे राहणारा. पाचव्या नॉचवर ठेवून ड्रायव्हरने डबा उघडून भाकरी खाल्ली तरी तो पाचव्यावरच. इथे दांडा पूर्ण मागे म्हणजे शून्य, पूर्ण पुढे म्हणजे आठ, म्हणजे मधोमध किती? चार! कॅसलरॉकहून कुळ्याकडे एकास सदतीसचा उतार आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलात की एक मीटर खाली. त्या उतारावर शून्य धरून बसायचे, आणि नाक खाजवायला हात उचलला की गाडीला चौथा नॉच. दूधसागर कधी आला आणि कधी गेला, प्रवाशांना कळलेसुद्धा नसेल.

इंटरनेटवरचे जाणते सांगतात, स्प्रिंग काढून टाका. काढली. स्प्रिंग कपाटाखाली गेली आणि दांडा मान टाकून पुढे पडला. पुढे म्हणजे आठवा नॉच. शेवटी जॉयस्टिकच्या पायथ्याशी जी चिमुकली पट्टी असते, ती कामाला लावली. ती ठेवू तिथे राहते. फक्त वर केली की शून्य आणि खाली केली की आठ, असा तिचा उलटा कारभार. सेटिंगमध्ये ‘उलट करा’वर खूण केल्यावर सुतासारखी सरळ झाली.

पण पावसाळा लागला. गोव्याच्या पावसाळ्यात पापड, आगपेटी आणि पोटेन्शिओमीटर (पट्टी कुठे आहे ते मोजणारा आतला भाग) यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. पट्टीला हात न लावता नॉच तीन-चार, तीन-चार करू लागला. इंजिनाला उचकी लागलेली मी प्रथमच पाहिली.

म्हणून पट्टीला रजा दिली, कपाटाखालची स्प्रिंग शोधून परत बसवली आणि मध्ये दुभाषा आणला. जॉयटूकी हा प्रोग्राम दांड्याच्या हालचालीचे कीबोर्डच्या अक्षरांत रूपांतर करतो: दांडा एकदा पुढे ढकलला की एकदा डी. मध्यावर परत आला तरी बिघडत नाही. दुभाषा प्रामाणिक आहे, पण तो अक्षरे पाठवतो ती समोर जी खिडकी उघडी असेल तिला. आणि याच सुमारास मी दुसरा स्क्रीन जोडला होता.

दुसऱ्या स्क्रीनवर देवस्थानच्या सभेचे इतिवृत्त अर्धे टाइप करून ठेवले होते, इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डमध्ये. वेळापत्रक बघताना माऊसचा टिचका तिकडे पडला. इन्स्क्रिप्टमध्ये डीच्या जागी हलन्त असतो. मी गाडी सुटत का नाही म्हणून आठही नॉच दिले, आणि अध्यक्षांच्या आडनावापुढे आठ पायमोडकी चिन्हे तुटक वर्तुळांसह रांगेत उभी राहिली. गाडी जागची हलली नव्हती.

टीव्ही जोडणे हा आणखी वेगळा अध्याय. एचडीएमआयची वायर लावली की आधी ‘नो सिग्नल’, मग आरशासारखे तेच चित्र, मग विंडोज आणि पी दाबत दाबत एकदाचे ‘एक्स्टेंड’. चित्र आले, पण टीव्हीने चारी कडा थोड्या थोड्या खाल्ल्या. वेगाचा आकडा नेमका खालच्या कडेला होता. आणि एचडीएमआयमधून आवाजही जातो, हे मला ‘सी/फा’च्या पाटीने शिकवले. ती पाटी आली की फाटकापूर्वी भोंगा द्यायचा, हा नियम. नियम मी पाळतो. इंजिन माझ्या खोलीत, भोंगा हॉलमध्ये, वेळ मध्यरात्रीची. शेजारचा कुत्रा भुंकत उठला. आई अंधारातूनच म्हणाली, “लागली काय रे फलाटाला?”

एक गोष्ट मात्र झकास जमली. ओपन रेल्स हा फुकट मिळणारा सिम्युलेटर स्वतःच छोटासा वेब सर्व्हर चालवतो. घरच्या वायफायवर लॅपटॉपचा आयपी पत्ता आणि पुढे २१५० हा पोर्ट टाकला की वेग, ब्रेक, प्रेशर, सगळे मोबाईलच्या ब्राउझरमध्ये. फोन पुस्तकाला टेकवला, तयार झाला डॅशबोर्ड. हे दाखवायला मी शेजारच्या काकांना बोलावले. काका रेल्वेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, घाटात हयात गेलेली.

टीव्हीवर धुके, जंगल, बोगद्याचे तोंड, सगळे होते. काकांनी तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. चष्मा वर करून फोनवरचा ब्रेक पाइपातल्या हवेच्या दाबाचा आकडा वाचला. “साडेचारच दाखवता. पाच किलो झाल्याशिवाय हलायचे नाही. मातसो राव.”

कोकणीत ‘मातसो राव’ म्हणजे जरा थांब. मी राहिलो. गेममध्ये हवा भरायला खऱ्यासारखाच वेळ लागतो, हे मला माहीत नव्हते, कारण तेवढा वेळ मी कधी दिलाच नव्हता. काकांनी ब्रेक लावायला लावला, सोडायला लावला, परत लावायला लावला. ब्रेक पॉवर सर्टिफिकेट, म्हणजे ब्रेक तपासल्याचा दाखला, मागितले. ते नाही म्हटल्यावर इतिवृत्ताच्याच एका कोऱ्या कागदावर लिहून घेतले आणि खाली माझी सही घेतली.

“गार्ड कोण?”

“गार्ड नसतो काका यात.”

काकांनी चष्मा काढून खिशात घातला. “मग गाडी जायची नाही.”

शेवटी आईला टीव्हीच्या मागे स्टुलावर बसवले, हातात तिचाच हिरवा रुमाल. ती दर मिनिटाला विचारते, “दाखवू काय रे?” आणि काका सांगतात, “थांबा वहिनी, चार पूर्णांक नऊ झालेत.”