नुसतं भाडं कमी करून नाटक उभं राहत नाही

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. आपल्या भागातल्या एका नाट्यगृहात हौशी पोरांची रंगीत तालीम होती. बारा पार लाइट (रंगमंचावरचे डब्यासारखे दिवे), प्रत्येकी १००० वॉटचे. डिमरला (लाइट कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला) थ्री-फेज कनेक्शन हवं होतं, तर पॅनेलच्या खोलीला कुलूप आणि चावीवाला रजेवर! शेवटी विंगेतल्या सॉकेटवर वायरी खोचल्या. सगळे लाइट एकदम चढवले आणि एमसीबी (जादा करंट झाला की वीज तोडणारा स्विच) पडला.

पडणारच! १२ किलोवॉट म्हणजे २३० व्होल्टला ५२ अँपिअर. १६ अँपिअरच्या सॉकेटवर तीन पार चालतात, चौथा लावलात की मर्यादा ओलांडली. तेच तीन फेजवर वाटले तर फेजला सतरा-अठरा अँपिअर येतात. बाहेरून डिमर भाड्याने आणून काय उपयोग, त्याला वीजच नसेल तर?

पालिकांना कला म्हटलं की महोत्सव आठवतो. कमान, फ्लेक्स, शाल-श्रीफळ. भाड्यात सवलत मिळते तिथे मोठाच आधार होतो, नाही म्हणत नाही. पण भाड्याचं सत्र टेंपोतून फ्लॅट (सेटच्या भिंती) उतरवल्यापासून मोजतात. लेव्हल (उंचवटे), फ्लॅट उभे करून ब्रेसेस (टेकू) ठोकायला पाऊण तास. बारा लाइटचं फोकसिंग, एकेकाला पाच मिनिटं धरली तरी तास. तेही शिडी पुरेशी उंच असेल आणि खाली धरायला दोघं असतील तर. मग क्यू (कोणता लाइट केव्हा लागणार ते) बसवणं, साउंड चेक. चाळीस मिनिटांच्या एकांकिकेची तालीम सुरू होईपर्यंत पडदा पाडायची वेळ झालेली असते. या पोरांचं तेच झालं. स्पर्धेच्या दिवशी ती अंदाजाने प्रकाशात उभी राहणार, आणि परीक्षक लिहिणार, 'तांत्रिक बाजू कच्ची'.

तिथल्या बॅकस्टेजच्या काकांवर राग नाही. त्यांनी स्वतःची एक्स्टेंशन काढून दिली, चहा पाजला. माणसं चांगलीच आहेत हो.

शनिवार-रविवार व्यावसायिक नाटकांना जाणार, तेही बरोबर. नाट्यगृहाचा खर्च त्यांच्यावर निघतो. पण आडवारच्या सकाळी? ठाण्यात गडकरी रंगायतन १९७८ पासून आहे, तिथल्याच घाणेकर नाट्यगृहाला छोटं सभागृहसुद्धा आहे, वाशीला भावे नाट्यगृह आहे. आडवारी जी सकाळ रिकामी असेल, ती तांत्रिक तालमीसाठी द्या, नाममात्र भाड्यात, वायरमनसकट. त्याला वेगळी इमारत लागत नाही की उद्घाटन लागत नाही. (बहुधा म्हणूनच होत नाही.)

संस्थांनीही तारखेच्या अर्जातच लिहावं: एकूण लोड किती किलोवॉट, थ्री-फेज हवं, शिडी किती फुटी, वायरमन किती वाजता. पोचेचा शिक्का घ्या. 'होईल हो' यावर टेंपो भरू नका.