रत्नागिरीला व्हिसा ऑफिस हवं, पण कुठलं?

आखातात कोकणातली चार माणसं जमली की गावाकडची मागणी निघतेच: रत्नागिरीत एखाद्या देशाचं व्हिसा ऑफिस आणा. पालकमंत्र्यांना निवेदन देऊन ते येत नाही. वाणिज्य दूतावासांबाबतच्या (कॉन्सुलेट) १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ४ सांगतं की यजमान देशाची संमती हवी; जागा, दर्जा, कार्यक्षेत्र सगळं त्याच्या मंजुरीने. मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाची नुसती शाखा काढायची तरी आधी स्पष्ट परवानगी लागते. ही बोलणी दिल्लीत होतात.

खरी घासाघीस दर्जावर. ऑफिस राजदूतावासाचा (एम्बसी) भाग ठरलं तर राजनैतिक संबंधांबाबतचा १९६१ चा व्हिएन्ना करार लागतो: राजदूताच्या संमतीशिवाय पोलीस आत जात नाहीत, राजनैतिक अधिकाऱ्याला अटक नाही, दूतावासाच्या टपालाची थैली उघडता येत नाही. वाणिज्य दूतावास म्हटलं की सगळं एक पायरी खाली. आग लागली तर संमती गृहीत धरून आत शिरता येतं. थैलीबद्दल गंभीर संशय असेल तर ‘समोर उघडा’ म्हणता येतं. नकार दिला तर ती आली तिथे परत. अधिकाऱ्याला खटल्यापासून संरक्षण सरकारी कामापुरतंच, आणि गंभीर गुन्ह्यात अटकही होऊ शकते. २०१३ मध्ये न्यूयॉर्कला उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली ती याच फटीतून. पूर्ण संरक्षण मिळावं म्हणून भारताने त्यांना संयुक्त राष्ट्रांतल्या मिशनवर नेमलं, दिल्लीत अमेरिकी दूतावासाबाहेरचे बॅरिकेडही काढले. सवलतींचा हिशोब असा दोन्हीकडून चालतो. अशा ऑफिसात चिकटलेल्या आपल्या रत्नागिरीच्या कारकुनाला मात्र भारत सरकार देईल तेवढीच सवलत.

अर्जदाराला यातून काय मिळतं? माझ्या मते काहीच नाही. अमिरातीत भारतीय पासपोर्टचे अर्जसुद्धा खासगी कंपनीच्या काउंटरवर घेतात, आणि कुणाचं अडत नाही. आपल्याकडे अशा खासगी केंद्राला कसलंच संरक्षण नसतं. ते जीएसटी भरतं, फाइल गहाळ केली तर ग्राहक आयोगात खेचता येतं. व्हिसा द्यायचा की नाही हे मात्र दूतावासच ठरवतो.

तेव्हा मागायचं ते बोटांचे ठसे घेणारं केंद्र. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी दिलेले ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळे रोज उघडं ठेवायचीही गरज नाही. आठवड्याला दोन दिवस पुरे. पासपोर्ट मुंबईला कोण नेणार आणि वाटेत हरवला तर जबाबदार कोण, हे पावतीवर छापून घ्या. जहाजावर जाणाऱ्या पोरांना अमेरिकेच्या सी१/डी (जहाज कर्मचाऱ्यांच्या) व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईची गाडी पकडावीच लागेल. ते काम अशा केंद्रात होत नाही.