आवड असेल तर तास मोजायचे कशाला?

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं, तेव्हापासून आपल्याकडे तासांचा वाद धुमसतोच आहे. हॉटेलच्या किचनमधल्या लोकांना त्या आकड्याचं हसू येतं, कारण ७० तास हा त्यांचा साधा आठवडा. त्यावर ठरलेलं उत्तरही तयार असतं: आवड असेल तर तास मोजायचे कशाला? युरोपातल्या किचनमधून पाहताना वाटतं, आवड वीस वर्षं टिकवायची असेल तर तास आधी मोजावे लागतात.

पण ‘परदेशात सगळं कसं नियमात’ हे कौतुकही पुरतं खरं मानू नये. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशात आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही ४८च. कागदावर बरोबरी. इथे युरोपात खरा आधार मिळतो तो त्याच निर्देशातल्या दुसऱ्या तरतुदीचा: दर चोवीस तासांत सलग ११ तास विश्रांती. रात्री साडेबाराला ओटा पुसून निघालेल्या कॉमीला, म्हणजे शिकाऊ स्वयंपाक्याला, दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या आत बोलावता येत नाही. ब्रेक शिफ्ट मात्र इथेही सुटलेली नाही. दुपारी तीनला सोडायचं, सहाला परत हजर. मधले तीन तास ना झोपेचे, ना घरचे. माझ्या मते आवडीला सर्वांत जास्त पोखरते ती हीच शिफ्ट. जमेल तिथे दहा तासांची सलग ड्यूटी आणि चार दिवसांचा आठवडा लावावा.

पण तासांचा प्रश्न सुटला म्हणून सगळं सुटत नाही. फ्रान्सचे शेफ सेबास्तियाँ ब्रास यांनी २०१७ मध्ये हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशलँ गाइडला स्वतःच कळवलं की आमचे तीन तारे काढून घ्या, हे दडपण नको. गाइडने २०१८ च्या आवृत्तीत त्यांना वगळलं आणि २०१९ मध्ये न विचारता दोन तारे देऊन परत आणलं! स्वयंपाक त्यांना नकोसा झाला नव्हता. रोजचं प्रत्येक ताट परीक्षेचं असणं नकोसं झालं होतं.

तारे नसलेल्या किचनमध्ये दुखणं वेगळं असतं, तिथे तोचतोपणा मारतो. एका स्टेशनवर, म्हणजे ग्रिलसारख्या एकाच कामाच्या जागी, पहिले काही आठवडे हात शिकतो, मग अंदाज बसतो, आणि सहा-आठ महिन्यांनंतर डोकं बाजूला ठेवूनही काम होऊ लागतं. त्याच्या आत स्टेशन बदलावं. बदल गर्दीच्या हंगामात करू नये, आणि जुना-नवा माणूस किमान आठवडाभर एकत्र उभा राहावा. नाहीतर पहिल्याच शनिवारी ऑर्डरी तुंबतात आणि शेफ म्हणतो, राहू दे, होता तोच बरा. मग सगळ्यांत चांगला हात वर्षानुवर्षं ग्रिलवरच राहतो, आणि सोडूनही तोच आधी जातो.

स्टेशन तेच असलं तरी प्रश्न नवा असू शकतो. आठवड्याला एकच पदार्थ घ्यावा, एकच गोष्ट बदलावी आणि वहीत ग्रॅम-अंशांसह लिहावी. उदाहरणार्थ, उकडताना फुटणारा बटाटा. एक वाटा थेट उकळत्या पाण्यात टाका. दुसरा आधी ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, गार करा आणि मग उकडा. दुसऱ्याच्या फोडी कडेला शाबूत राहतात, कारण त्या तापमानाला बटाट्यातलंच एक एन्झाइम पेक्टिनला कॅल्शियमशी बांधून घट्ट करतं. पाणी ७५ च्या वर गेलं तर ते एन्झाइम निकामी होऊ लागतं आणि प्रयोग फसतो, म्हणून थर्मामीटर हवाच. कारण कळलं की तोच माणूस दुसऱ्या दिवशी गाजरावर करून बघतो. कुणी सांगावं लागत नाही.

जिभेचंही तसंच. दिवसभर चाखून ती मिठाला सरावते आणि रात्री दहानंतरची बॅच खारट निघते. शेफ ओरडतो, माणूस खचतो, आणि चूक खरं तर पद्धतीची असते. मीठ वजनावर घालावं आणि आटवायच्या सॉसमध्ये शेवटी घालावं. लिटरला १० ग्रॅम म्हणजे साधारण १ टक्का. तोच सॉस आटून निम्मा झाला की २ टक्के. पदार्थ ज्या तापमानाला वाढायचा, त्याच तापमानाला चव बघावी, मधे कोमट पाणी प्यावं, आणि रात्रीच्या बॅचची चव दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला लावावी.

शरीराबद्दल बोललं की आपल्याकडे नाजूक समजतात. चॉपिंग बोर्डाचा वरचा भाग कोपराच्या १०-१५ सेंटिमीटर खाली हवा. ओटा सगळ्यांना एकच, त्यामुळे उंच माणूस वर्षानुवर्षं वाकून कापतो. खाली ओलं फडकं टाकून दुसरा जाड बोर्ड लावला तर खर्च जवळपास शून्य. चाळिशीत किचन सोडणाऱ्याला विचारून पाहा, तो आवडीबद्दल कमी आणि कमरेबद्दल जास्त बोलेल.

बढतीचा धोका तर इथे-तिथे सारखाच. चांगला कुक शेफ झाला की ड्यूटीचं वेळापत्रक, फूड कॉस्ट आणि पुरवठादारांचे फोन यांतच बुडतो, आणि ज्यासाठी या धंद्यात आला ती शेगडी हातची जाते. आठवड्यातल्या दोन सर्व्हिस (जेवणाच्या वेळा) त्याच्या नावाने एखाद्या स्टेशनवर आधीच लिहून ठेवाव्यात. ‘वेळ मिळाला तर’ म्हटलं की ती वेळ येत नाही.

नोकरी बदलताना पगाराखेरीज तीन गोष्टी विचाराव्यात: शेवटचा स्टेशनबदल कधी झाला, रात्रीच्या आणि सकाळच्या ड्यूटीत किती तासांचं अंतर असतं, आणि स्टाफचं जेवण कोण बनवतं. पहिल्या दोन प्रश्नांना गोलमोल उत्तरं येतील, तिसऱ्याला सहसा खरं उत्तर मिळतं. जिथे कॉमी आळीपाळीने, थोडं बजेट हातात घेऊन ते जेवण बनवतात, तिथे शिकायला जागा आहे. उरलंसुरलं गरम करून उभ्याउभ्या खायचं असेल, तर पगाराचा आकडा पुन्हा एकदा नीट बघावा.