कुंडीच्या तळाशी खडी घालण्याबाबत खुलासा

'कुंडीच्या तळाशी दोन इंच खडी घाला, निचरा चांगला होतो, मुळं कुजत नाहीत' असा मेसेज सध्या फिरतोय. खडीने निचरा वाढत नाही. बारीक मातीतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. खडीलगतची माती पुरती भिजल्यावरच ते खाली झिरपतं. म्हणजे चिंब थर उलट वर, मुळांजवळ सरकतो. पडताळायचं असेल तर काचेच्या ग्लासात खडीवर माती भरा, बेताने पाणी घाला. खडीलगतची माती काळपट ओली, खडी मात्र बराच वेळ कोरडीच! भोकावर खापराचा तुकडा खुशाल ठेवा, माती वाहून जात नाही. निचऱ्यासाठी परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खनिज दाणे) सगळ्या मातीत मिसळा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.