५३ नमो मारिया, चार शिट्ट्या

लग्नाच्या मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बहुधा संत पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र वाचतात, अध्याय तेरावा. 'प्रीती सहनशील आहे.' नवरी त्या वेळी व्हेल सरकली का ते चाचपत असते, नवरा फोटोवाल्याकडे बघत असतो, आणि वाक्य दोघांच्याही डोक्यावरून जाते. पुढे ते रोज रात्री आठ वाजता परत भेटायला येते, हातात रोझरीची, म्हणजे मणी मोजत म्हणायच्या प्रार्थनेची, माळ घेऊन.

आमच्या वसईकडच्या कॅथलिक घरांत सहनशीलतेची परीक्षा मोठ्या संकटात होत नाही. संकटात शेजारी डबा आणून देतात, फादर घरी येऊन जातात. बायबलमधल्या, सगळे गमावलेल्या ईयोबाच्या धीराचे दाखले देणारे लोक बहुधा त्याच्या पुस्तकाचे पहिले दोनच अध्याय वाचून थांबलेले असतात. तिसऱ्यात तो स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो आणि एकतिसाव्यापर्यंत मधूनमधून तक्रार करत राहतो. म्हणूनच तो मला जवळचा वाटतो. तरी त्या बिचाऱ्याला सगळ्या घराला एका सतरंजीवर बसवून रोझरी म्हणायची नव्हती.

कागदावर हिशेब सोपा आहे. क्रुसावर श्रद्धेचा अंगीकार, मग एक प्रभूची प्रार्थना, तीन नमो मारिया (मरियामातेची प्रार्थना), एक गौरव (पिता, पुत्र, पवित्र आत्म्याची छोटी स्तुती). पुढे पाच रहस्ये, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले मनन करायचे प्रसंग, प्रत्येकात एक प्रभूची प्रार्थना, दहा नमो मारिया, एक गौरव. म्हणजे ५३ नमो मारिया, ६ प्रभूच्या प्रार्थना, ५९ मणी. शांतपणे म्हटले तर एका रहस्याला तीन मिनिटे, सगळी मिळून वीस, लोरेटोची लितानी, म्हणजे मरियामातेची नावे घेत केलेली विनवणी, जोडली तर पंचवीस. ही झाली चर्चमधली वेळ. घरात चाळीस मिनिटे लागतात.

यातली पहिली चोरी कुकर करतो. आठला पाच मिनिटे कमी असताना 'तेवढ्यात होईल' म्हणून तूरडाळ चढवायची आणि माळ हातात घ्यायची, ही चूक बाई आयुष्यभर करते. बोटे नमो मारिया मोजतात, कान शिट्ट्या मोजतात, आणि दोन मोजण्या एका डोक्यात मावत नाहीत. सातवी नमो मारिया आणि तिसरी शिट्टी एकदम आली की पुढे आठवी म्हणायची की चौथी, कळत नाही. मग एक तर रहस्य नऊ मण्यांत आटोपते, नाही तर डाळ करपते. त्यापेक्षा चार शिट्ट्या आधीच काढून गॅस बंद करावा. वाफ आपली आपण जिरत बसते, कुणाला उठावे लागत नाही. माशाचे कालवणही चालते. कोळ उकळला की तुकड्या सोडून आच मंद करावी, जाड तुकडी असेल तर दहा मिनिटे, म्हणजे तीन रहस्ये. ताजे बोंबील मात्र रोझरीच्या वाटेला जाऊ देऊ नयेत. दुसरे रहस्य सुरू होईपर्यंत त्यांचा लगदा झालेला असतो.

दुसरा चोर म्हणजे वेग. रीत अशी की पुढे म्हणणारा नमो मारियाचा पहिला भाग म्हणतो आणि बाकीचे दुसरा. पहिला भाग 'येशू' या नावावर संपतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १६ ऑक्टोबर २००२ च्या रोझरीवरील पत्रात या नावाला दोन भाग जोडणारी बिजागरी म्हटले आहे, आणि आमच्याकडे नेमकी तीच गिळली जाते. भूक लागलेला मुलगा वाक्य संपायच्या आत 'हे पवित्र मारिये' सुरू करतो. आजोबांना कमी ऐकू येते, ते अजून मागच्या आमेनवर असतात. सासूबाई दोघांच्या मधल्या वेगाने चालतात. एकाच खोलीत एक विरार फास्ट, एक स्लो, आणि एक गाडी अजून नायगावच्या खाडीवर सिग्नलला उभी. अशा वेळी 'सावकाश!' म्हणून ओरडू नये. घरातले सगळ्यात लहान मूल तो शब्द प्रार्थनेचा भाग समजून पाठ करते. पुढे म्हणणाऱ्याने नाव घेतले की एक श्वासभर थांबावे. पहिले चार-पाच दिवस कुणाला पत्ता लागत नाही, नंतर फास्ट गाडी आपोआप जरा दमाने घेते.

ज्याला झोप येते त्याला पुढे म्हणायला बसवावे. डुलकी लागली की आवाज बंद होतो आणि सगळ्यांना कळते. मागे म्हणणाऱ्याची डुलकी मात्र चौथ्या रहस्यापर्यंत खपते. चिडण्याआधी लिझ्यूची संत तेरेसा, फ्रान्समधल्या मठातली सिस्टर, आठवावी. १८७३ ते १८९७, अवघे चोवीस वर्षांचे आयुष्य, आणि १९९७ साली ख्रिस्तसभेची आचार्या, म्हणजे चर्चने मानलेली श्रद्धेची गुरू. ती स्वतः प्रार्थनेत झोपायची, आणि आईबापांना झोपलेले लेकरूही आवडतेच, असा स्वतःचा बचाव करायची. एकटीने रोझरी म्हणणे आपल्याला फार जड जाते, हेही तिने लिहून ठेवले आहे. तिच्या मागे बसणारी एक सिस्टर दोन शिंपले एकमेकांवर घासल्यासारखा आवाज काढायची. तेरेसाला सहन होईना, घाम फुटायचा. शेवटी तिने तो आवाज टाळायचे सोडले आणि मैफलीला बसल्यासारखी कान देऊन ऐकू लागली. आजोबांच्या कवळीला हा उपाय लागू पडतो. मोबाईलला लागू पडत नाही. तो आवाज बंद करून फ्रिजवर ठेवावा, सगळ्यांचा, नवऱ्याच्या ऑफिसचासुद्धा. कुटुंबाने मिळून म्हटलेल्या रोझरीला पूर्ण दंडमाफी, म्हणजे क्षमा झालेल्या पापांची उरलेली शिक्षाही माफ, आहे, पण पाच रहस्ये मध्ये न तोडता म्हणण्याची अट आहे, हे अशा वेळी मोठ्याने सांगायला उपयोगी पडते.

गुरुवारी वेगळेच. २००२ पर्यंत पंधरा रहस्ये होती, रोज त्यांतली पाच: सोमवार-गुरुवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बाकी दिवस गौरवाची. त्या वर्षी प्रकाशाची पाच आली, त्यांना गुरुवार दिला आणि आनंदाची शनिवारी गेली. ज्यांची पाठांतरे त्याआधीची, त्यांचा हात गुरुवारी अजून आनंदाकडेच वळतो. 'आज प्रकाशाची' असे सुनेने म्हणायचे नसते. नातवंडाकडून म्हणवून घ्यावे, मग ते कौतुक ठरते. या पाचांतले दुसरे रहस्य काना गावच्या लग्नाचे. द्राक्षारस संपला, यजमानांची अब्रू जायची वेळ, आणि मरियामाता येशूला एवढेच म्हणते की त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही. एकच वाक्य. 'मी सकाळीच सांगितले होते' नाही, 'या घरात कुणाचे लक्षच नसते' नाही. मला हे एक वाक्य सहा रांजण पाण्याच्या द्राक्षारसाहून मोठा चमत्कार वाटतो.

आनंदाच्या पाचव्यात बारा वर्षांचा येशू हरवतो. तो सोबतच्या लोकांत असेल अशा समजुतीने आईबाप दिवसभराची वाट चालून गेलेले असतात, आणि तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडतो. आई त्याला विचारते, तू असे का वागलास. उलट मुलगाच विचारतो, तुम्ही मला शोधलेच का. बारा-तेराचे लेकरू घरात असले की हे रहस्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही. संत योसेफ इथेही गप्प. चारही शुभवर्तमानांत त्यांच्या तोंडी एक शब्द नाही, आणि आमच्याकडचे नवरे त्यांचा तेवढाच गुण उचलतात. सुतारकाम कुणी उचलत नाही. खिडकीची कडी ऑक्टोबरपासून निघालेली आहे.

माळेबद्दलही सांगते. काचेचे मणी घामट बोटांतून निसटतात. अंधारात चमकणारी प्लास्टिकची माळ मुलांना देऊ नये, ती दिवा घालवा म्हणून हट्ट धरतात. जाड दोऱ्यात ओवून गाठी मारलेले लाकडी मणी सगळ्यांत टिकतात. तारेच्या कड्यांची माळ कपाटाच्या मुठीत अडकून तुटते आणि घरचे कुणीतरी पकडीने ती जोडते. जोडताना मणी मोजावेत, पण मोजत नाहीत. सोफ्याखाली सापडलेला जादा मणी वाया कशाला घालवायचा म्हणून मध्येच बसवला जातो.

ही दुरुस्त माळ बहुधा सासूबाईंच्या वाट्याला येते. तिसऱ्या रहस्यात मी गौरव सुरू करते तेव्हा त्यांची अकरावी नमो मारिया चाललेली असते. रोज. मी थांबते, मनात दहापर्यंत मोजते, त्यांच्या वयाला दोष देते आणि शनिवारी पापनिवेदनात 'घरात चिडचिड केली' असे सांगते. फादर प्रायश्चित्त म्हणून एक रोझरी देतात. घरी आल्यावर आपली माळ सापडत नाही, म्हणून देव्हाऱ्याजवळची त्यांची उचलायची. पहिले रहस्य दहा मणी, दुसरे दहा. तिसऱ्यात दहावी झाली तरी बोटाखाली अजून एक मणी.